पाठ झालेला तक्ता

दि. ९ सप्टेंबर
दुकानातून, दुपारी अडीच

धाकटे,

आशीर्वाद. पत्राच्या सुरुवातीला लिहायचा असतो म्हणून लिहिला. मनातून निघालेला नाही, हे आधीच सांगून टाकते. आम्ही बरे आहोत. तुझ्या भावोजींचा गुडघा दुखतो, तरी रोज कुणाच्या ना कुणाच्या इमारतीत अडकलेली लिफ्ट सोडवायला जातात. दुकान नेहमीसारखं चाललं आहे. तुझं खुशाल असेलच. दुसऱ्याची मुलगी घरात ठेवून घेणाऱ्यांचं खुशालच असतं.

फोन का केला नाहीस, असं विचारू नकोस. सहा वेळा केला. चार वेळा तू उचलला नाहीस आणि दोन वेळा "ताई, तू आधी ओरडायची थांब" म्हणून ठेवून दिलास. पत्राचं बरं असतं, ते मध्येच ठेवून देता येत नाही. फाडता येतं, पण फाडताना चार ओळी डोळ्यांखालून जातातच.

तुझं पाकीट काल मिळालं. त्यात डॉक्टरांचा कागद, पालकाच्या सहीचा फॉर्म आणि तुझी चिठ्ठी. चिठ्ठी मोजून पाच ओळींची. "ताई, घाबरू नकोस. उजव्या डोळ्याचा कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो आहे. डाव्याचीही सुरुवात आहे. डॉक्टर म्हणतात महिन्या-महिन्याला वाढतंय, लवकर थांबवायला हवं. ती म्हणते आईने सही करून पाठवावी, पण आईने यायचं नाही. आली तर मी आत जाणार नाही."

यायचं नाही! सोळा वर्षांच्या मुलीने आईला असं कळवायचं आणि सख्ख्या मावशीने ते सुवाच्य अक्षरात लिहून पाठवायचं!

आता नीट ऐक. अठ्ठावीस वर्षं मी या खुर्चीत लोकांना बसवून त्यांचे डोळे तपासते आहे. कॉलेजात हेच शिकले, पहिल्या वर्गात पास झाले आणि लग्नाआधी दुकान काढलं, हे तुला माहीत आहे, कारण पाटीचा रंग तूच सांडला होतास. चौकात तीन मजली शोरूम झालं, तिथे मशीनमध्ये हनुवटी टेकवली की आकडे छापून बाहेर येतात. तरी अर्धं गाव माझ्याकडे येतं. का येतं? माझा तपासलेला नंबर चुकत नाही म्हणून. आणि माझ्याच मुलीचे डोळे कसे आहेत, हे मला तू सांगणार? तू, जिचा आयुष्यभराचा धंदा पोहायला शिकवते म्हणून लोकांच्या मुलांना पाण्यात ढकलण्याचा आहे?

दर वाढदिवसाला मी तिला या खुर्चीत बसवते. पाच वर्षांची झाली तेव्हापासून एकही वर्ष चुकलेलं नाही. आधी उजवा डोळा झाकून, मग डावा झाकून. वही माझ्यासमोर आहे. फेब्रुवारीत सोळावा झाला. सहा-सहा, सहा-सहा. दोन्ही डोळ्यांनी तक्त्याची शेवटची ओळ न अडखळता. सात महिन्यांत डोळ्याचा शंकू होत नसतो. तुझ्या तलावातल्या औषधाच्या पाण्यात पाच आठवडे रोज डुंबवलंस, डोळे सुजले असतील. तुझ्या त्या डॉक्टरांना एवढंही विचारावंसं वाटलं नाही का, की मुलगी दिवसभर कुठे असते?

आणि फॉर्मच्या मागे पेन्सिलीने तू लिहितेस की तुला दुसऱ्याच दिवशी कळलं. काय कळलं? तलावावरच्या मोठ्या घड्याळात किती वाजले म्हणून विचारलंस आणि ती म्हणाली, "मावशी, कुठलं घड्याळ?" अगं, ती तुझी गंमत करत होती. मला तर गेली दोन वर्षं ती अशीच उत्तरं देते.

तुला तिची पाच आठवड्यांची ओळख. माझ्याकडून ऐक. रस्त्यात शेजारच्या काकू समोरून आल्या, हात केला, तर ही ढिम्म. ओळखच नाही. मला चारचौघांत काकूंची माफी मागावी लागली. शाळेतल्या बाईंचं तेच. "तुमची मुलगी बसस्टॉपवर बघून न बघितल्यासारखं करते." माझ्याशी बोलताना मान तिरकी करून, डोळे बारीक करून बघते, जणू मी कुणी वर्गणी मागायला आले आहे. सारखे डोळे चोळते. काय झालं विचारलं की "काही नाही". रडलीस का, "नाही". मग चोळतेस का, "खाजतंय". दहा मिनिटांनी पुन्हा तेच. फोन नाकाला लावून बसते. जिन्यात ठेचकाळते आणि उलट आम्हालाच म्हणते, इथला दिवा का नाही लावत? गणितात नापास. भूगोलात नकाशाला शून्य, कारण तिने नकाशा भरलाच नाही, कोरा दिला. शून्य, समजतंय का तुला? नववीपर्यंत पहिल्या पाचांत असलेली मुलगी!

वय असतं, म्हणशील. आपल्याला नव्हतं का ते वय? आई अशी नुसती भुवई उचलायची आणि तुझी हातातली वाटी खाली पडायची. माझ्या भुवईकडे ही ढुंकून बघत नाही.

शेवटचं प्रकरण तुला तिने तिच्या पद्धतीने सांगितलं असेल. आता माझ्या पद्धतीने. बाईंचा फोन आला. फळ्यावर चाचणीचे प्रश्न लिहिले होते आणि ही शेजारच्या मुलीच्या वहीत बघून लिहिताना सापडली. एकदा नाही, तिसऱ्यांदा. मी दुकान बंद करून शाळेत गेले. बाई म्हणाल्या, "जाऊ द्या, मी समज दिली आहे." मी म्हटलं, मी जाऊ देणार नाही. मी तिला घरी माफीपत्र लिहायला बसवलं. "मी नक्कल केली. ती चोरी आहे. मी शेजारणीचा आणि वर्गाचा विश्वास मोडला." खाली "आपली चूक मान्य असलेली" असं लिहून पूर्ण नाव. दोन शब्द अशुद्ध होते, ते मी दुरुस्त करून दिले. दुसऱ्या दिवशी तिने ते वर्गासमोर उभं राहून वाचलं. मी दारात उभी होते. वाचताना कागद अगदी तोंडाजवळ धरला होता, लाज वाटली असणार. वाटायलाच हवी होती.

त्या दुपारी दप्तरातली पुस्तकं काढून त्यात कपडे भरले आणि चार तासांच्या बसने तुझ्याकडे आली. तू दार उघडलंस. मी असते तर तिला पाणी देऊन त्याच बसमध्ये परत बसवलं असतं. पण तुला कळणार कसं? तुला मूल नाही. मूल नसणाऱ्यांना सगळ्यांचीच मुलं शहाणी वाटतात.

तर माझं उत्तर हे. सही मिळेल. मुलगी इथे आणून सोड, मी तिला माझ्या खुर्चीत बसवून माझ्या डोळ्यांनी बघेन, आणि मग गरज वाटली तर सही मिळेल. त्याआधी नाही. आणि जिथे माझ्या मुलीच्या डोळ्याला कुणी हात लावणार असेल, तिथे मी येणार. मला ये किंवा येऊ नकोस म्हणणारी ती कोण?

फॉर्म माझ्या गल्ल्याच्या खणात आहे. तिथेच राहील.

तुझी मोठी बहीण
(विसरलेली दिसतेस, म्हणून लिहिते)


दि. १३ सप्टेंबर
दुकानातून, सकाळी

धाकटे,

आधी पाकिटातून फॉर्म काढ. सही केली आहे, दोन्ही ठिकाणी, तारखेसह. तो नीट ठेव, उद्या सकाळी दवाखान्यात नेऊन दे आणि मगच पुढे वाच. खरंच नेऊन दे. मी थांबते.

दिलास? मग ऐक.

माझं पहिलं पत्र टाकून घरी गेले. जेवताना तुझ्या भावोजींना तुझ्या डॉक्टरांचा कागद वाचून दाखवत होते आणि प्रत्येक वाक्यावर कसं हे चूक, कसं ते चूक, हे सांगत होते. शेवटी म्हटलं, "तिने फेब्रुवारीत माझ्यासमोर शेवटची ओळ वाचली आहे. माझ्यासमोर! डोळा शंकू झालेल्या माणसाला ती ओळ दिसेल का?"

ते जेवायचे थांबले. स्वतःचा चष्मा काढून ताटाशेजारी ठेवला. तुला माहीत आहे, चष्म्याशिवाय त्यांना ताटात काय वाढलंय ते वासावरून ओळखावं लागतं. वर पंख्याकडे बघितलं आणि म्हणाले, "न, ट, ग, र, प, ख, ल."

मी म्हटलं, "हे काय?"

"तक्ता. तुझा. शेवटची ओळ."

"तुम्हाला कशी पाठ?"

"तीन वर्षांची होती तेव्हा माझ्या खांद्यावर म्हणायची. वरून खालपर्यंत सगळा. तो झाल्याशिवाय झोपायची नाही. मला अजून येतो. तिच्या वरची ओळ सांगू?"

"नको."

"बरं," म्हणाले, चष्मा लावला आणि पुन्हा जेवायला लागले. एवढंच. त्या माणसाला धड भांडताही येत नाही. भांडले असते तर मला उत्तर देता आलं असतं.

कुणी शिकवला तिला तो तक्ता? मी. तेव्हा तिला सांभाळायला कुणी नव्हतं. तुला आठवत असेल, मी तिला काउंटरमागे स्टुलावर बसवून दुकान चालवायचे. गिऱ्हाईक नसलं की लांब काठी घेऊन एक-एक अक्षर दाखवायचे. साडेतीन वर्षांची पोर खालची ओळ घडाघडा म्हणायची आणि मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे. पुस्तकाआधी तिने तक्ता वाचला, हे मी किती जणांना सांगितलं असेल! आणि त्याच तक्त्यावर मी अकरा वर्षं तिचे डोळे तपासले. दुसऱ्या गिऱ्हाइकांना मी ओळ उलटी वाचायला लावते. मधलंच अक्षर दाखवून विचारते. लहान मुलं चलाख असतात, पुढच्याचं ऐकून ठेवतात, मला सगळं माहीत आहे. माझ्या मुलीला मी एकदाही उलटं वाचायला लावलं नाही. माझी मुलगी मला का फसवेल?

तिने फसवलं, हे मात्र खरं. मला तिचा भयंकर राग आलेला आहे आणि तो तू समजावून जाणार नाही. निदान दोन वर्षं, दोन वाढदिवस, माझ्या खुर्चीत बसून, तक्त्याकडे बघत तिने पाठ म्हणून दाखवलं. केवढा हा धीटपणा! मला तोंडावर म्हणाली असती, आई, मला दिसत नाही, तर काय मी तिला खाल्लं असतं?

हे वाक्य लिहून मी पेन खाली ठेवला होता. कारण ती म्हणाली होती.

आठवीच्या शेवटी. भांडी लावताना. "आई, मागच्या बाकावरून फळा जरा अंधुक दिसतो गं." आणि मी काय केलं? हात पुसले, तिचा फोन उचलला आणि कपाटात कुलूप लावून ठेवला. दोन महिने. म्हटलं, "हे त्याचेच प्रताप. माझ्याकडे रोज दहा पोरं येतात फोनने डोळे घालवून, माझ्या घरात ते चालणार नाही." नंतर दुकानात तिला बोलावून घेऊन गिऱ्हाइकांच्या मुलांपुढे उभी करायचे. "ही बघा, माझी मुलगी. नंबर शून्य. का? फोनला शिस्त आहे म्हणून." ती उभी राहायची. हसायची सुद्धा.

मग ती पुन्हा का सांगेल? तूच सांग. मी सांगितलं नसतं.

आता माझंच पहिलं पत्र मला तोंडपाठ आठवतंय. काकूंना ओळख न देणं, मान तिरकी करणं, जिन्यातला दिवा, कोरा नकाशा, फळ्यावरचे प्रश्न, तोंडाजवळ धरलेला कागद. दुसऱ्या कुणा बाईने माझ्या काउंटरवर कोपर टेकून हे गाऱ्हाणं सांगितलं असतं, तर मी तिसऱ्या वाक्याला तिला गप्प केलं असतं आणि म्हटलं असतं, बाई, मुलीला घेऊन या, आजच्या आज. मी ते सगळं स्वतःच्या हाताने ओळीने लिहून तुला पाठवलं आणि वर आरोप म्हणून पाठवलं! तू वाचताना काय केलंस? हसलीस की रडलीस? हसली असशील तर हक्क आहे तुला.

अजून एक आहे. ते लिहायचं नाही असं ठरवून मी सकाळपासून बसले आहे. मध्ये दोन गिऱ्हाइकं आली. एकाची दांडी सैल होती, ती घट्ट करून दिली. एक आजोबा नुसतेच गप्पा मारून गेले. आता कुणी नाही.

फेब्रुवारीत, वाढदिवसाच्या दिवशी, सकाळीच आमचं वाजलं होतं. तिला केस कापायचे होते, मी नाही म्हटलं होतं. खुर्चीत बसली तेव्हा डोळे लालभडक, चोळून चोळून. तक्ता झाला. मागे एक बाई लेकीला घेऊन उभ्या होत्या आणि मी त्यांना नुकतीच "नंबर शून्य"ची टकळी ऐकवली होती. त्यांना दाखवायला म्हणून मी हातातला दिवा घेतला. त्याने बुबुळात प्रकाशाची पट्टी टाकून सावली बघायची असते. धड डोळ्यात ती सावली एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरळ सरकते. डाव्यात सरकली. उजव्यात ती मधोमध दुभंगली आणि कात्रीच्या पात्यांसारखी उघडली-मिटली.

मी ती बघितली, धाकटे.

अशी सावली कशाची असते, हे मला कॉलेजात तोंडी परीक्षेत विचारलं होतं आणि मी उत्तर दिलं होतं. पूर्ण मार्क मिळाले होते. आणि इथे मी तिला म्हटलं, "सरळ बस. हलू नकोस."

ती म्हणाली, "बसलेय की."

मी म्हटलं, "नाटकं करू नकोस." आणि दिवा बंद केला. वही उघडली आणि लिहिलं, सहा-सहा. मागे त्या बाई उभ्या होत्या ना.

त्यानंतर सात महिने मी ती कात्री आठवली नाही. खोटं. दोनदा आठवली. एकदा बसमध्ये, एकदा फ्रेम पुसताना. दोन्ही वेळा मी स्वतःला सांगितलं की ती हलली होती. आणि परवा तू डॉक्टरांचा कागद पाठवलास तेव्हा मी तुझ्यावर एवढी का तुटून पडले, ते आता तुझ्या ध्यानात आलं असेल. तलावाचं पाणी म्हणे!

सात महिन्यांत जे गेलं ते परत येत नाही. ते थेंब घालून निळा प्रकाश देतात, त्याने डोळा आहे तिथे थांबतो, मागे येत नाही. हे तुला डॉक्टरांनी सांगितलं असेल. मी मुद्दाम पुन्हा सांगते, कारण माझ्या तोंडून ते निघायला हवं. आणि त्यावर मी फॉर्म चार दिवस खणात ठेवला. मुलगी आणून दे मग सही देते! हे असलं मी लिहिलं. भाव करत होते मी.

तुला मूल नाही, हे वाक्य मी परत घेते. कागदावरून ते पुसता येणार नाही, पण तुझ्याकडे फाडायला दोन हात आहेत. ज्या बाईला दोन दिवसांत घड्याळावरून कळलं, तिला काय नाही, याचा हिशेब मी करू नये.

तिकडे तुझे भावोजी येतील. रजा टाकली आहे. गुरुवारच्या पहिल्या बसने. त्यांना बाहेर बाकावर बसव आणि चहा दे, ते काही बोलणार नाहीत आणि तिला तेच हवं असेल. मी येणार नाही. हे लिहिताना माझे दात किती आवळले गेले आहेत, ते तुला दिसत नाही म्हणून बरं. पण येणार नाही.

तिला डोळे चोळू देऊ नकोस. झोपेतही नाही. ओरडू नकोस, नुसता हात धर. ओरडून चोळणं थांबत नाही, याचा मला दोन वर्षांचा अनुभव आहे.

कात्रीचं तिला सांगू नकोस. नाही, सांग. नाही, थांब. ते मी सांगायचं. सोबतचं जाड पाकीट तिच्यासाठी आहे. तू उघडू नकोस. तिला स्वतःला वाचता येईल असं लिहिलं आहे.

ताई


दि. १३ सप्टेंबर

मुंगे,

अक्षर एवढं मोठं का, म्हणून हसू नकोस. खिडकीत सवलतीची पाटी लिहायचा जाड पेन आहे हा. तुला कागद तोंडाजवळ धरावा लागू नये म्हणून घेतला.

एका पानावर पाचच ओळी बसतात. त्यामुळे शिव्या घालायला जागा उरत नाही. तुझं नशीब.

सही केली आहे. मी येणार नाही. बाबा येतील.

मी तुझ्यावर रागावलेली आहे. तक्ता पाठ म्हणून दाखवलास म्हणून. तो राग राहील काही दिवस. पण त्याच्यापेक्षा मोठा राग दुसऱ्या माणसावर आहे आणि तो माणूस माझ्या घरात, माझ्याच चपला घालून फिरतो.

आता मुद्द्याचं. मी तुला वर्गासमोर एक कागद वाचायला लावला. तू फळा दिसत नसताना शेजारणीच्या वहीत बघत होतीस आणि मी तुला चोर म्हणवून घेतलं. वर शुद्धलेखन तपासलं. म्हणून आता माझा कागद. तुझ्यासारखाच, तसाच.

मी खोटी नोंद केली. सोळाव्या वाढदिवसाला मी दिव्याने तुझा उजवा डोळा बघितला, तेव्हा त्यात बिघाड दिसला होता. तू हलली नव्हतीस. तू सरळ बसली होतीस. मला दिसलं, मी तुला नाटकी म्हटलं आणि वहीत सहा-सहा लिहिलं. कारण मागे लोक उभे होते आणि मला खोटं ठरायचं नव्हतं.

त्याआधी तू मला खरं सांगितलं होतंस. आठवीत, भांडी लावताना. मी तुझा फोन काढून घेतला. त्या दिवशी तुला मी एक गोष्ट शिकवली, की आईला खरं सांगायचं नाही. तू हुशार आहेस, एकदा शिकवलेलं विसरत नाहीस.

वहीतलं ते पान सोबत आहे. त्यावरचं सहा-सहा मी लाल शाईने खोडलं आहे. उजवा सहा-छत्तीस, डावा सहा-बारा, असं तुझ्या डॉक्टरांच्या कागदावरून लिहिलं आहे आणि शेजारी माझी सही. ते पान तुझ्याकडे ठेव. पुढे कधी मी कुणापुढे माझा नंबर चुकत नाही म्हणून मिरवायला लागले, तर काढून दाखव. लोकांसमोर दाखव.

तक्ता भिंतीवरून काढला. नवा आणला आहे. गुंडाळी अजून सोडलेली नाही. तो मी तुला शिकवणार नाही.

केस काप. मावशीकडून कापून घेऊ नकोस, ती वाकडे कापते. माझ्या लग्नात तिने माझे कापले होते, फोटो बघ.

शेवटचं. हा कागद मी तुझ्या वर्गासमोर उभी राहून वाचायला तयार आहे. सोमवारीच जाणार होते, बाईंना फोन लावायला घेतला होता. बाबा म्हणाले, "तिला विचारलंस का?" नव्हतं विचारलं. म्हणून विचारते. वाच म्हणालीस तर वाचेन, दारात तू उभी राहा. नको म्हणालीस तर नाही वाचणार, आणि का नको, हेही विचारणार नाही.

उत्तर लगेच दिलं नाहीस तरी चालेल. फोन उचलला नाहीस तरी चालेल. डोळे चोळू नकोस, एवढंच.

शब्द अशुद्ध असतील तर दुरुस्त करून परत पाठव. लाल शाई वापर.

आपली चूक मान्य असलेली,
आई